उजव्या मनगटावरचे घड्याळ

रविवारी दुकान बंद असे. तरीही त्या रविवारी कटिंगच्या टेबलाभोवती पाच खुर्च्या मांडल्या गेल्या. टेबल उभ्याने काम करायचे, कमरेहून उंच. त्याच्याभोवती कोणी बसले की केवळ खांदे आणि डोके तेवढे वर उरे. धाकट्या मुलाच्या हे लक्षात आले तेव्हा त्याने खुर्च्या भिंतीशी नेल्या, थोडा वेळ पाहिले, आणि पुन्हा टेबलाशी आणल्या. वडिलांनी आता कात्री खाली ठेवावी, हे आज त्यांना सांगायचे होते. एवढ्या एका वाक्यासाठी खोली कशी मांडावी, हे त्याला उमगत नव्हते.

बाकी सारे तयार होते. शहराच्या वाद्यवृंदाने बेचाळीस कोटांचे काम दिले होते आणि मुदत सात आठवड्यांची होती. एवढे मोठे काम दुकानाने आजवर घेतले नव्हते. घेतले ते धाकट्यानेच, पुढच्या काउंटरवर बसून. मागच्या खोलीत कापड कापणारे हात मात्र एकाच माणसाचे, आणि त्या माणसाचे वय बाहत्तर. शहराबाहेरच्या एका कारखान्यात यंत्रावर कोट कापून मिळत. धाकट्याने बोलणी करून ठेवली होती. वडिलांना द्यायचे कारण खिशातल्या फोनमध्ये होते.

मास्तर गेल्या वर्षी जिन्यावरून पडले. गिऱ्हाइके वडिलांना मास्तर म्हणत, आणि त्यांची बायको गेल्यापासून घरातही कधीकधी तेच नाव तोंडात येई. दुकानावरच्या खोलीत ते आणि थोरली मुलगी राहत. ती त्या दिवशी अस्तराचे थान आणायला गेली होती. ते तासभर जिन्याच्या तळाशी पडून राहिले. त्यानंतर धाकट्याने त्यांना घड्याळ आणून दिले. ते नाडी मोजे, झोप मोजे, पावले मोजे आणि माणूस पडला तर आपणहून फोन करी. घड्याळ पहिल्यांदा चालू करताना पडद्यावर प्रश्न आले. माहिती कोणाला कळवावी, या प्रश्नाखाली धाकट्याने ‘कुटुंब’ या शब्दापुढे खूण केली. वडील त्या वेळी एका गिऱ्हाइकाची ट्रायल घेत होते. त्यांना मधेच थांबवणे त्याला बरे वाटले नाही.

मग त्याला सवय लागली. सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, तो वडिलांची नाडी पाही. बासष्ट. चौसष्ट. एकोणसाठ. शहराच्या दुसऱ्या टोकाला झोपलेल्या माणसाचे रक्त एका हिरव्या रेषेवरून चालत त्याच्या तळहातापर्यंत येई, आणि तेव्हा कुठे त्याचा दिवस उजाडे. मोठा झाल्यापासून आपण वडिलांचा हात कधी हातात घेतला होता, हे त्याला आठवत नव्हते.

गेले तेरा आठवडे मात्र, घड्याळात एक नवी मोजणी आल्यापासून, हिरव्या रेषेखाली तांबड्या अक्षरांची एक ओळ येत होती. हाताची स्थिरता: कमी. तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

*

आत्या सर्वांत आधी आली. मास्तरांची ही धाकटी बहीण दोन गल्ल्या सोडून राहत होती आणि कुठल्याही बैठकीला वेळेआधी येऊन सगळ्यात चांगली खुर्ची धरत होती. आज चांगली खुर्चीच नव्हती.

“अरे, माझी हनुवटी लागतेय टेबलाला,” ती म्हणाली. “बैठक आहे का दाढी करायचीय माझी?”

“आत्या, थोडाच वेळ.”

“थोडा वेळ म्हणून बोलावलं की संध्याकाळ होते या घरात.”

धाकट्याची बायको तिच्या शेजारी बसली. ती एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नमुने तपासत असे, आणि तिथली शांतता तिच्या अंगाला लागून घरी येई. थोरलीने चहा आणला. ती अठ्ठेचाळीस वर्षांची होती. त्यातली तीस या मागच्या खोलीत गेली होती. वडील कापत आणि ती शिवत असे. शेवटी जिन्याच्या पायऱ्या एकेक करून वाजल्या आणि मास्तर खाली आले. सुटीच्या दिवशीही त्यांच्या डाव्या मनगटावर टाचण्यांची गोल गादी बांधलेली होती, जसा एखादा माणूस सुटीतही चष्मा लावतो तशी. उजव्या मनगटावर घड्याळ होते.

“ये दादा,” आत्या म्हणाली. “गुरुवारी काय बिनसलं होतं तुझं? झोप अगदीच बेकार.”

“कोणाची?”

“तुझी. गाढ अशी दोन तास चाळीस मिनिटं फक्त. मी म्हटलं, पोट बिघडलं की काय याचं.”

मास्तर खुर्ची ओढत होते. ती अर्ध्यावर थांबली.

“तुला कोणी सांगितलं?”

आत्याने कपावरून आधी भाच्याकडे पाहिले, मग भाचीकडे. दोघेही टेबलाच्या लाकडाकडे बघत होते.

“सांगायचं काय त्यात? येतं ना ते. दर रविवारी, फोनवर.” आणि मग, आवाज उतरवून, “सगळ्यांच्याच फोनवर येतं, दादा. मला वाटलं तुला माहीत आहे.”

“काय काय येतं?”

“बाबा, मी सांगणारच होतो,” धाकटा म्हणाला. “त्यासाठीच तर...”

“आधी तिला बोलू दे.”

आत्या एव्हाना मागे फिरू शकत नव्हती. “तुझं चालणं. झोप. काळीज मिनिटाला किती ठोके घालतं ते. मंगळवारी दोन वाजता कालव्याकाठच्या बाकावर पाऊण तास बसतोस ते. नकाशासकट येतं.” ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली, “मी सूनबाईला म्हटलं, म्हाताऱ्याने कोणीतरी गाठलेली दिसतेय.”

कोणी हसले नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत, मागच्या खोलीत उजेड कमी असे तेव्हा, मास्तरांची बायको त्या बाकावर बसून कोटांची काजे करीत असे. ही गोष्ट खोलीत एकाखेरीज कोणालाच ठाऊक नव्हती. ज्याला ठाऊक होती त्याने खुर्ची पूर्ण ओढली आणि तो बसला.

*

मास्तरांना राग आला नाही. त्यांना प्रथम जाणवले ते इतकेच, की आपले माप घेतले गेले आणि आपण उभे नव्हतो.

या दुकानात माप कधी मोठ्याने उच्चारले जात नसे. हा रिवाज त्यांच्या वडिलांनी घातलेला. मास्तर गिऱ्हाइकासमोर उभे राहून टेप लावत. वही घेतलेला माणूस गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभा असे. आणि आकडा बोटांनी दाखवला जाई, खांद्याआडून किंवा कमरेशेजारून, असा की आरशातही दिसू नये. पोट सुटलेल्या माणसाला आपले पोट किती इंच आहे हे त्या खोलीत कधी ऐकावे लागले नाही. वहीत आकड्यांशेजारी खुणा असत. उतरत्या खांद्याला ठिपका, पुढे झुकलेल्या पाठीला अर्धवर्तुळ, आखूड पायाला तिरकी रेघ. या खुणा कापडात विरघळवायच्या. ठिपक्याच्या खांद्यात एक पातळ गादी जास्त, तिरक्या रेघेच्या पायाला शिवणीत दोन धाग्यांचा फरक. आरशासमोर उभा राहिलेला माणूस सरळ दिसे आणि आपण तसेच आहोत असे समजून घरी जाई. गिऱ्हाईक वारले की त्याचे पान वहीतून कापून त्याच कात्रीने बारीक तुकडे केले जात. माप दुकानाबाहेर जात नसे.

“तू कधी बघतोस?” त्यांनी मुलाला विचारले.

“रोज.”

“सूनबाई?”

“रविवारी. कधी वेळ झाला तर.”

मग ते थोरलीकडे वळले. “आणि तू?”

“येतं. मी उघडत नाही.”

“पण येतं हे ठाऊक होतं.”

“हो, बाबा.”

“आठ महिने.”

“हो.”

त्यांनी मान हलवली, गिऱ्हाइकाने कापडाचा चुकीचा रंग निवडल्यावर हलवत तशी. मग घड्याळाकडे पाहिले. काळ्या काचेत त्यांना छतावरचा दिवा दिसला आणि खाली स्वतःचा चेहरा, बटणाएवढा.

“आता सांग,” ते मुलाला म्हणाले. “बैठक कशाची?”

धाकट्याने फोन पुढे सरकवला. त्याने वाक्य पाठ केले होते. ते त्याने तसेच म्हटले. बेचाळीस कोट, सात आठवडे, तेरा आठवड्यांचा अहवाल. कापणी बाहेर यंत्रावर द्यावी आणि बाबांनी आता फक्त देखरेख करावी. “यंत्र अर्धा मिलिमीटर इकडचं तिकडे होऊ देत नाही,” तो म्हणाला.

मास्तरांनी चष्मा लावून तांबडी ओळ वाचली. दोनदा वाचली.

“बेचाळीस माणसांचे खांदे सारखे असतात का रे?”

“आपण मापं देऊ ना.”

“आणि खुणा? यंत्राला पाठीमागून बोटं दाखवणार?”

“बाबा, विषय तो नाही.”

“तोच आहे.”

“दादा, पण हात थरथरत असेल तर...” आत्याने सुरुवात केली.

“तू एकदा ठरव, कोणाच्या बाजूची आहेस.”

“मी चहाच्या बाजूची,” आत्या म्हणाली आणि कप तोंडाला लावला.

“कात्री घसरून बोट गेलं तर?” धाकट्याचा आवाज पाठ केलेल्या वाक्याच्या बाहेर पडला होता. “त्या दिवशी तुम्ही तासभर खाली पडून होतात. मला संध्याकाळी कळलं. तेही ताईनं सांगितलं म्हणून.”

“मग विचारत जा. कसे आहात म्हणून विचारायला काय घड्याळ लागतं?”

“विचारलं की तुम्ही ठीक आहे म्हणता.”

“असतो म्हणून म्हणतो.”

“त्या दिवशीही ठीकच म्हणालात, बाबा. दोन बरगड्या मोडल्या होत्या तुमच्या.”

मास्तरांनी डावा हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवला.

*

सुनेने फोन आपल्याकडे ओढला. नवऱ्याच्या बाजूने बोलायचे असे ठरवून ती आली होती, आणि दोन दिवस आधी, ताटे विसळताना, तिने तसे कबूलही केले होते. परंतु गोषवाऱ्यावर थांबणे तिच्या हाताला जमत नसे. बाटलीवरची चिठ्ठी वाचून कोणी निष्कर्ष लिहीत नाही. तिने आठवड्याचा अहवाल उघडला, त्यातून दिवस उघडला, दिवसातून तास.

स्थिरतेचा आलेख सकाळी दहापर्यंत सपाट होता. दहाला तो दातेरी झाला. एकला पुन्हा सपाट. तीनला दाते, सहाला सपाट. तिने सोमवार पाहिला, मंगळवार पाहिला. रविवारची रेषा ओल्या जमिनीवर पडलेल्या दोऱ्यासारखी निश्चल होती. तिने आणखी सहा रविवार काढले.

तिला कळले की आता आपण जे बोलू ते नवऱ्याला घरी जाईपर्यंत आवडणार नाही. कदाचित त्यानंतरही नाही.

“रविवारी हे नसतंच,” ती म्हणाली.

“काय नसतं?”

“थरथर. आणि एक ते तीनही नसते. मी डॉक्टर नाही. पण ज्याचा हात थरथरतो त्याचा चमचा धरतानाही थरथरेल ना? यांचा फक्त दुकान उघडं असताना थरथरतो.”

“म्हणजे कामाच्या ताणानं,” धाकटा म्हणाला.

“किंवा कामानं.”

मग थोरलीने, जणू कोणी तिला सुई कुठे आहे असे विचारले होते, सांगितले, “घड्याळ उजव्या हातात आहे.”

“मग?”

“सगळं जग डाव्या हातात बांधतं. बाबांच्या डाव्या हातात टाचण्यांची गादी असते, पन्नास वर्षं. म्हणून घड्याळ उजव्यात गेलं. कात्रीच्या हातात.”

सुनेने टेबलाच्या कडेला पडलेल्या कात्रीकडे पाहिले. काळी, हातभर लांब, पाऊण किलो वजनाची. कापताना तिचे खालचे पाते लाकडावरून सरकते आणि वरचे प्रत्येक चाव्याला त्यावर आपटते. तो धक्का मुठीतून मनगटात चढतो. दिवसाला काही हजार चावे.

“म्हणजे थरथरते ती कात्री,” आत्या म्हणाली. “तिलाच न्या तज्ज्ञाकडे.”

“हे सगळं अंदाजानं चाललंय,” धाकटा म्हणाला.

मास्तरांनी उजवा हातही खाली मांडीवर नेऊन मनगटावरचा पट्टा सोडला. घड्याळ त्यांनी टेबलावरून सरकवत मुलापर्यंत नेले. “मग अंदाज कशाला? बांध. आणि काप.”

सव्वीस वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांचा असताना, धाकट्याने या टेबलावर एका प्राध्यापकाच्या कोटाचे लोकरी कापड उलट्या अंगाने कापले होते. तेव्हा वडील ओरडले नव्हते. त्यांनी त्याच्या मुठीतून कात्री अलगद काढून घेतली होती आणि म्हणाले होते, तू पुढे बस. तेव्हापासून तो पुढे बसत होता. घरात ही गोष्ट कोणी काढत नसे, म्हणून ती सगळ्यांना ठाऊक होती.

थोरलीने त्याच्यासमोर जाड कॅनव्हासचा उरलेला तुकडा पसरला आणि खडूने एकाखाली एक लांब वळणे काढून दिली, बाहीच्या मुंढ्यांची. तो उभा राहिला. उजव्या हातात वडिलांचे घड्याळ बांधून त्याने कात्रीच्या मोठ्या छिद्रात चार बोटे घातली, आणि त्याच्या अंगठ्याला आपली जागा आठवली. त्याने कापायला सुरुवात केली. खोलीत केवळ त्या पात्यांचा आवाज राहिला, कोणीतरी कोरड्या पानांतून सावकाश चालत यावे तसा. एक वळण, दुसरे, तिसरे. तो रेषेवरून फारसा ढळला नाही. हे मास्तरांनी पाहिले आणि थोरलीने मास्तरांना पाहताना पाहिले.

बाराव्या मिनिटाला टेबलावरचे चारही फोन एकदम गुरगुरले.

आत्याने आपला फोन हातभर लांब धरून वाचले. “हाताची स्थिरता: कमी. तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.” तिने फोन उलटा ठेवला. “घ्या. बापलेक दोघंही घरी बसा. कोट मी कापते.”

सून हसली. मास्तरही हसले, नाकातून, आवाज न करता. धाकट्याने कात्री खाली ठेवली आणि घड्याळाच्या पट्ट्याशी त्याची बोटे बराच वेळ झटत राहिली.

*

थोरली हसली नव्हती.

कापताना डावा हात काय करतो, हे बघायला कोणी शिकवत नाही. सगळ्यांची नजर कात्रीवर असते. डावा हात कात्रीच्या पुढे कापडावर पालथा पसरलेला असतो. तो कापडाला जागेवर ठेवतो आणि वाट मोकळी करत पुढे सरकतो. वडिलांच्या त्या हाताची शेवटची दोन बोटे गेले वर्षभर कापडावर ठेका धरू लागली होती. अगदी हलका, पत्र्यावर पहिले थेंब पडावेत तसा. पहिल्यांदा पाहिले तेव्हा तिने काही न बोलता इस्त्रीची दोन वजने आणून कापडाच्या टोकांवर ठेवली आणि वाऱ्याने उडतंय असे म्हणाली. खिडकी बंद होती. वडील म्हणाले, वजनं बरी ठेवलीस. त्यानंतर ती रोजच वजने ठेवी, आणि लांब कापणी असली की टेबलाच्या पलीकडून कापड धरून उभी राही. दोघांनी त्याविषयी कधी शब्द काढला नाही. घड्याळ आठ महिने दुसऱ्या मनगटावर, दीड हात अंतरावर, नाडी आणि झोप आणि बाकावरची पाऊण तासांची दुपार टिपत बसले होते. तेवढे एक मात्र त्याच्या पदरात पडले नाही.

तिने आज सांगितले त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. त्या खऱ्याने वडिलांची बाजू जिंकली होती. ते टेबलाखाली ठेवलेला हात अजूनही वर आणत नव्हते.

भावाने जे पाहिले ते त्याने चौघांना दाखवले. तिने जे पाहिले ते कोणालाच दाखवले नाही. ज्याचे होते त्यालाही नाही. या दोहोंत मोठे अंतर आहे असे ती वर्षभर समजत आली होती. आत्ता, भावाचे खाली गेलेले खांदे पाहताना, तिला ते अंतर शिवणीच्या आत सोडलेल्या बोटभर दाबाएवढे वाटले.

“झालं ना मग?” आत्या उठली. “सूनबाई, चल, कप धू. आणि त्या कोटांचं कापड दाखव मला पुढच्या खोलीत. बेचाळीस माणसं काळ्यातच का वाजवतात, देव जाणे.”

दोघी पडद्यापलीकडे गेल्या. धाकटाही निघाला.

“तू थांब,” मास्तर म्हणाले. “वही काढ.”

थोरलीने खणाकडे हात नेला.

“तू नव्हे. तो काढेल. लिहायला तो.”

*

वही जुन्या कापडी बांधणीची होती आणि तिच्या कडा हातांच्या तेलाने काळ्या झाल्या होत्या. धाकट्याने ती सव्वीस वर्षांत उघडली नव्हती. घरातल्या माणसांची पाने शेवटी होती. वडिलांनी सांगितल्यावर त्याने त्यांचे पान काढले. माप आजोबांच्या हातचे होते, चोविसाव्या वर्षाचे: छाती, कंबर, बाही. आकड्यांशेजारी एकही खूण नव्हती.

मास्तरांनी डाव्या मनगटावरची गादी सोडली आणि टाचण्या वर करून बाजूला ठेवली. तिच्याखालची कातडी गोल, पांढरी, आणि लहान मुलाच्या कातडीसारखी मऊ दिसत होती. मग त्यांनी तो हात टेबलावर, वाद्यवृंदाच्या काळ्या कापडाच्या नमुन्यावर, पालथा ठेवला.

काही क्षण काहीच झाले नाही. नंतर शेवटची दोन बोटे हलू लागली.

धाकटा पाहत राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर आठ महिन्यांच्या साऱ्या रेषा होत्या, हिरव्या, तांबड्या, आणि त्यांपैकी एकही इथे येऊन पोहोचत नव्हती. त्याने थोरलीकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते, आणि त्यावरून त्याला उरलेले कळले.

“केव्हापासून?” त्याने विचारले.

“ते वहीत लिहीत नाहीत. माप आजचं असतं.”

“मघाशी का नाही बोललात? तुमची बाजू तर...”

“मघाशी तू सांगत होतास. माझं मी सांगेन म्हटलं.”

धाकट्याने आपला हात पुढे केला, मध्येच थांबवला, आणि मग वडिलांच्या हातावर ठेवला. ठेका त्याच्या तळहाताखाली चालूच राहिला. तो थांबवावा म्हणून त्याने दाबले नाही.

“लिही,” मास्तर म्हणाले.

“कुठली खूण?”

“ही आपल्याकडे नव्हती कधी. तूच काढ एखादी.”

त्याने पेन घेतले. बाहीच्या आकड्याशेजारी एक छोटी आडवी रेघ ओढली आणि तिला शेवटाकडे दोन बारीक वळणे दिली, पाण्यावर उठतात तशी. मास्तरांनी वाकून पाहिले. “पुरे. एवढं कळतं.”

मग त्यांनी कात्री उचलली. दोन्ही पाती मिटून, मूठ पुढे करून, थोरलीसमोर धरली. “उद्यापासून तू काप. खडू माझ्याकडे. आखायच्या पट्टीवर वजनं ठेवू.”

“मी कापू?”

“वर्षभर कापड तूच धरतेस.” ते पुन्हा मुलाकडे वळले. “आणि त्या बेचाळीस जणांना एकेक करून इथं बोलाव. कारखान्याला नाही म्हणून सांग. मी टेप लावीन. पाठीमागे वही घेऊन तू उभा राहायचं. बोटं वाचता येतात ना अजून?”

“येतात.”

“बघू.”

टेबलावर घड्याळ पडले होते. धाकट्याने ते उचलले आणि काचेवरचा खडू शर्टाच्या बाहीने पुसला. “पडलात तर फोन करतं एवढंच ठेवतो,” तो म्हणाला. “बाकीचं बंद करतो. सगळ्यांचं.”

“तुझंही?”

“माझंही.”

“मग सकाळी काय बघशील?” मास्तरांच्या आवाजात टोमणा होता की चौकशी, हे थोरलीलाही सांगता आले नसते.

“चहाच्या आधी बघायचो,” धाकटा म्हणाला.

“मग चहाला येत जा.”

पडद्यापलीकडे कप विसळल्याचा आवाज थांबला. आत्याने पडदा अर्धा सारून डोके आत घातले. तिघे टेबलाशी उभे होते. त्या टेबलाशी तसेच उभे राहायचे असते.

“काय लिहिताय एवढं?”

“माप,” धाकटा म्हणाला.

“कोणाचं?”

त्याने शाई वाळली का ते पाहिले, वही मिटली आणि खणात ठेवून खण लावून टाकला.